नाणे घासण्यापूर्वी



दिवाळी जवळ आली की घरोघरी माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात. तांब्यापितळेची भांडी चिंचेच्या कोळाने उजळली जातात, चांदीच्या ताटवाट्या रांगोळीने घासल्या जातात, आणि या धांदलीत केव्हातरी देवघराच्या खणातील ती छोटी पुरचुंडी सुटते, जिच्यात पूजेची जुनी नाणी बांधून ठेवलेली असतात. गेल्या रविवारी आमच्या घरीही ती सुटली. माझा अकरा वर्षांचा नातू एका हातात टूथपेस्ट आणि दुसऱ्या हातात जुना ब्रश घेऊन पुढे सरसावला आणि म्हणाला, “आजोबा, दहा मिनिटांत सगळी नवीकोरी करून देतो. मी व्हिडिओत पाहिलंय.” मी त्याच्या हातातील ब्रश हळूच काढून घेतला. तो हिरमुसला. मग त्याला जवळ बसवून जे सांगितले, तेच आज आपल्यापुढे मांडतो. कारण नेमकी तीच चूक मी स्वतः वयाच्या साठाव्या वर्षी केली होती आणि ती आजतागायत दुरुस्त करता आलेली नाही.

आमचे मूळ घर सांगली जिल्ह्यातील. आजोबांचे भुसार मालाचे दुकान होते. ते पुढे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चालविले. दिवाळीत नव्या वहीचे पूजन झाले की तिच्या पहिल्या पानावर जुनी नाणी मांडण्याचा आमच्याकडे प्रघात होता. एकूण तेवीस नाणी. त्यांत चांदीचे अकरा रुपये, तीन शिवराया, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील तांब्याचे चार पाव आणे आणि मधोमध भोक असलेले पाच पैसे. दरवर्षी ही नाणी बाहेर निघत, हळदकुंकू लेवून पुन्हा फडक्यात जात. ती कोणी कधी घासल्याचे मला आठवत नाही. अण्णा गेल्यावर ती पुरचुंडी माझ्याकडे आली.

२०१८ साली मी बँकेतून निवृत्त झालो. त्या दिवाळीपूर्वी हाताशी वेळ भरपूर होता आणि अंगात उत्साहही. एके दुपारी गच्चीवर बसून मी ती तेवीस नाणी ‘स्वच्छ’ केली. चांदीच्या रुपयांना लिंबू, मीठ आणि वर रांगोळीची पूड; तांब्याच्या नाण्यांना चिंच आणि मीठ; आणि शेवटी सर्वांना टूथपेस्ट लावून ब्रशने रगडले. संध्याकाळी ताटात मांडली तेव्हा ती अशी लखलखत होती की मला स्वतःचाच अभिमान वाटला. ते ताट घेऊन मी आईपुढे गेलो.

आई तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. दृष्टी अधू झालेली, तरी दर दिवाळीला ती ताटातून एक रुपया नेमका उचलीत असे, कपाळाला लावीत असे आणि पुन्हा ठेवीत असे. १९५० साली ती या घरात सून म्हणून आली, तेव्हा आजीने तिच्या ओंजळीत ठेवलेला तो रुपया होता. त्यावर राजाच्या कानामागे चंद्रकोरीसारखा एक काळा डाग होता; दिव्यापुढे धरला की तिला तो दिसे. त्या संध्याकाळी तिने एकेक रुपया उचलून दिव्यासमोर धरला, अंगठ्याने चाचपला आणि खाली ठेवला. अकरा झाले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अखेरीस ती म्हणाली, “बाळ, यात माझा कुठला रे?” मला सांगता आले नाही. अकरांपैकी चार रुपये १९१८ सालचेच होते. आता चारही सारखेच पांढरे, सारखेच गुळगुळीत. आई रागावली नाही. “असू दे, सगळे आपलेच आहेत,” एवढेच म्हणाली. परंतु त्या वर्षी तिने कोणताच रुपया कपाळाला लावला नाही.

आमच्या बँकेतील एक जुने स्नेही नाण्यांचे अभ्यासू संग्राहक आहेत. त्यांना सारी हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तुम्ही सदतीस वर्षे खातेवह्या सांभाळल्यात. कधी एखादी नोंद खरवडून काढलीत का?” बँकेचा पहिला धडाच तो. नोंद चुकली तरी ती खोडरबराने पुसायची नाही. वरून एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची, म्हणजे मूळचे काय होते ते कायम वाचता येते. नाण्याचा पृष्ठभाग अशीच वही असतो आणि मी ती खरवडून काढली होती, हे तेव्हा कुठे ध्यानात आले.

त्यानंतर जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

प्रथम, काळे किंवा हिरवे दिसते ते सर्व मळ नव्हे. हवेतील गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन तिच्यावर काळा थर बसतो. म्हणजे त्या काळेपणात खुद्द नाण्याचीच थोडी चांदी असते. तो घासून काढला की ती चांदीही जाते. ब्रिटिश काळातील रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, १९४० पूर्वीच्या रुपयात जवळजवळ ९२ टक्के शुद्ध चांदी असे, त्यानंतर ती निम्म्यावर आली. पूड लावून घासल्याने वजनात पडणारा फरक साध्या तराजूला जाणवणारही नाही. परंतु नाण्यावरील उठाव मुळातच केसाएवढा असतो आणि झीज नेमकी तिथेच सर्वाधिक होते.

या बारीक उठावाचे महत्त्व किती, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९११ साली पंचम जॉर्जचा पहिला रुपया निघाला. राजाच्या अंगरख्यावर एका सन्मानपदकाची हत्तीची आकृती होती. पण सोंड इतकी आखूड कोरली गेली होती की लोकांना तो हत्ती डुकरासारखा दिसू लागला. त्यावरून गदारोळ झाला, नाणी मागे घेण्यात आली आणि १९१२ पासून सोंड सुधारलेला रुपया आला. संग्राहक आजही तो १९११ चा रुपया शोधत असतात. सारा फरक अंगरख्यावरच्या एका चिमुकल्या आकृतीचा. ब्रश जोराने फिरला, तर हत्तीही गेला आणि इतिहासही गेला.

शिवराईचे तर याहून नाजूक. शिवछत्रपतींच्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. महाराजांच्या पश्चातही दीर्घकाळ, अगदी इंग्रजी अमलातही, ती चलनात राहिली. त्यामुळे वेगवेगळ्या काळी पाडलेल्या शिवरायांत अक्षरांचे वळण, ऱ्हस्वदीर्घ, कडेच्या ठिपक्यांची मांडणी निरनिराळी आढळते आणि अभ्यासक त्यावरूनच नाण्याचा काळ व प्रकार ठरवितात. आमच्या तीन शिवरायांपैकी एकीवरचे मुळातच झिजलेले ‘शिव’ हे अक्षर माझ्या ब्रशाने पुरते सपाट झाले.

दुसरी गोष्ट तांब्याची. जुन्या तांब्यावर जो तपकिरी, लालसर किंवा गडद हिरवा, घट्ट आणि गुळगुळीत थर असतो, तो त्या धातूचे कवच होय. आतल्या तांब्याला तोच वाचवितो. तो चिंचेच्या आम्लाने विरघळतो, आणि सोबत मीठ असेल तर दुहेरी हानी होते. कारण मिठातील क्लोराइड तांब्याच्या बारीक छिद्रांत शिरून बसते. पुढे पावसाळ्याची दमट हवा लागली की ते आतल्या आत तांबे खाऊ लागते आणि पृष्ठभागावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी फुटते. पुसली तरी ती पुन्हा येते. माझ्या घासलेल्या चार पाव आण्यांपैकी दोघांवर पुढल्याच श्रावणात अशी भुकटी आली. तात्पर्य, घट्ट हिरवा थर दिसला तर त्याला हात लावू नये. भुरभुरणारी फिकट हिरवळ दिसली तर ते नाणे त्वरित इतरांपासून वेगळे करावे, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डबीत कोरडे ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे.

मग घरी काही करूच नये काय? करावे; पण बेताने. प्रथम नाण्याची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि वजन टिपून ठेवावे. नाणे नेहमी कडेला धरावे, कारण बोटांच्या घामातील क्षार पृष्ठभागावर उमटतात. माती किंवा धूळ असेल तर काचेच्या वाटीत ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, घेऊन त्यात नाणे बुडवून ठेवावे आणि पाणी दोन-तीनदा बदलावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते टाळावे. सुटेल तेवढी माती सुटू द्यावी. न सुटणारी माती भिंगाखाली पाहत बांबूच्या टोकदार काडीने हलकेच उचलावी, सुई किंवा चाकूने नव्हे. मग मऊ सुती कापडावर टेकवून टिपावे, चोळू नये, आणि पूर्ण वाळू द्यावे. तेलकटपणा, जुना डिंक किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटाचा चिकट हिरवा लेप असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ ठेवल्यास तो धातूला धक्का न लागता निघतो. मात्र ॲसिटोन क्षणात पेट घेते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळपास दिवा, उदबत्ती किंवा गॅस नसावा आणि मुलांच्या हाती ते देऊ नये. घरात नाण्यासाठी करण्यासारखे एवढेच. लिंबू, चिंच, व्हिनेगर, टूथपेस्ट, राख, रांगोळी, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही जुन्या नाण्यासाठी नाही.

चांदीच्या वाट्या-पेल्यांची गोष्ट निराळी, कारण त्या वापराच्या वस्तू आहेत. ॲल्युमिनियमच्या भांड्यात किंवा फॉइलवर त्या ठेवून गरम पाणी व खाण्याचा सोडा घातला तर काळेपणातील गंधक ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी उजळते. तेव्हा किंचित कुबट वास येतो तो त्या गंधकाचाच. रोजच्यासाठी रिठ्याचे पाणीही उत्तम. परंतु ही ॲल्युमिनियमची युक्ती जुन्या नाण्यावर करू नये. नाणे निस्तेज पांढरे पडते आणि त्याचे वय पुसले जाते.

लोखंडाचा न्याय याच्या उलट. तांब्याचा थर तांब्याला राखतो, पण लोखंडाचा गंज लोखंडाला राखत नाही. तो सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि आत आत पसरत जातो. म्हणून दुकानातून आलेली माझ्याकडची शेर-अदशेराची वजने आणि वखारीचे कुलूप यांना तसेच सोडून चालणार नव्हते. येथेही घाई नको. आधी अंगावरचे आकडे, ठसे, अक्षरे नीट पाहावीत व त्यांची छायाचित्रे घ्यावीत. सैल गंज ताठ नायलॉनच्या ब्रशाने कोरडाच झाडावा. तारेचा ब्रश आणि पॉलिश कागद ठसे खाऊन टाकतात. अडकलेले कुलूप शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडून दिवसेंदिवस ठेवावे. किल्ली जोराने फिरवू नये. अगदीच सामान्य, ज्यावर काही कोरलेले नाही असा खिळा, कडी किंवा बिजागरी असेल तर ती व्हिनेगरमध्ये ठेवता येते; पण नंतर सोड्याच्या पाण्यातून काढून, धुऊन, तत्काळ कोरडी करून तेलाचा हात द्यावा लागतो, नाहीतर उरलेले आम्ल दुप्पट वेगाने गंज आणते. पुष्कळ ठिकाणी शेवटी मधमाशांचे मेण लावायला सांगतात. आपल्याला ते वर्ज्य वाटत असेल, तर खनिज तेलाचा पातळ हात पुरेसा आहे. फक्त वर्षातून एकदा पुसून नवा द्यावा.

आता एक विषय, जो आपल्या घरांशी विशेष निगडित आहे. कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या पूजेत असलेल्या पितळेच्या किंवा पंचधातूच्या लहान जिनप्रतिमा आहेत. त्यांच्या पाठीवर किंवा आसनावर बारीक अक्षरांत लेख कोरलेला असतो: संवत किंवा शके, तिथी, प्रतिष्ठा करणाऱ्या श्रावकाचे व त्याच्या कुटुंबाचे नाव, आचार्यांचे किंवा भट्टारकांचे नाव. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ १९५८ साली सोलापूरहून प्रसिद्ध झाला. त्यात भट्टारकांच्या परंपरा ज्या साधनांवरून जुळविल्या आहेत, त्यांत अशा मूर्तिलेखांचा मोठा वाटा आहे. जो लेख कोणत्याही पोथीत नाही, तो कदाचित आपल्या देव्हाऱ्यातच असेल. सणासुदीला चिंच आणि पावडर लावून प्रतिमा उजळविण्याच्या भक्तिभावात तो दरवर्षी थोडा थोडा पुसट होत असतो. प्रक्षाळ नित्याप्रमाणे व्हावा, मऊ कापडाने अंग हलकेच कोरडे करावे. पाठीवरचा लेख मात्र घासू नये. त्याचे स्वच्छ छायाचित्र तिरप्या उजेडात घ्यावे, म्हणजे अक्षरे उठून दिसतात, आणि जाणकाराकडून वाचून घ्यावे. शंभर वर्षांहून जुन्या धातुमूर्तींची नोंदणी १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार करावी लागते, हेही ध्यानी असावे.

बँकवाल्याच्या सवयीने कायद्याची आणखी एक ओळ. जुना वाडा पाडताना, पाया खणताना भिंतीत किंवा जमिनीत नाण्यांचे गाडगे सापडले, तर १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार, त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. असे नाणे धुऊही नये. त्यावरच्या मातीवरूनही अभ्यासकाला पुष्कळ कळते. नाण्यांविषयी अधिक पाहायचे असेल तर मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे आणि नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था व संग्रहालय आहे. मुलांना सुटीत अवश्य न्यावे.

नाणी ठेवण्याबाबत थोडक्यात सांगतो. प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावे. मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटे वापरू नयेत. रबरबँड तर मुळीच लावू नये, त्यातील गंधकाने चांदी काळवंडते. लोखंड, तांबे, चांदी एकत्र बांधू नये. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळा संपला की एकदा उघडून पाहावे.

आणि सर्वांत शेवटी जे सांगायचे, ते मी सर्वांत आधी करायला हवे होते. त्या दिवाळीनंतर मी एक वही केली. तेवीस नाणी, तेवीस ओळी. धातू, वजन, साल, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि शेवटचा रकाना ‘कोणाकडून आले’. रोज संध्याकाळी आईजवळ बसून मी एकेका नाण्याविषयी विचारीत असे. एक पाव आणा पणजोबांच्या पहिल्या गाळ्याच्या मुहूर्ताचा होता. एक भोकाचा पैसा अण्णांनी लहानपणी गळ्यात दोऱ्यात घातलेला. एक रुपया आत्याच्या लग्नात परत आलेला. ती सांगे आणि मी लिही. कधी सांगता सांगता तिचा डोळा लागे, तर कधी एकाच नाण्याची हकीकत दोन दिवस चाले. मला वाटे, अजून पुष्कळ वेळ आहे.

२०२१ साली आई गेली. वहीत चौदा ओळी भरल्या आहेत. नऊ कोऱ्या आहेत. १९१८ सालच्या त्या चार रुपयांसमोर मी एकच नोंद केली आहे: ‘यांपैकी एक आईचा.’

नातवाला हे सांगून झाल्यावर त्याने ब्रश आपण होऊन कपाटात ठेवला आणि विचारले, “मग आजोबा, आता ही नाणी अशीच काळी ठेवायची?” मी म्हणालो, हो, तशीच, थोडी काळी होऊ लागली आहेत, होऊ देत. मग आम्ही दोघांनी ती कोरड्या मऊ कापडावर मांडली, मोजली, तेवीस भरली, आणि त्याने वहीत आजची तारीख घालून खाली आपली सही केली.

वाचकहो, या दिवाळीत आपल्या घरातील पुरचुंडी सुटेल तेव्हा चिंच भिजत घालण्यापूर्वी घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ जाऊन बसावे, नाणे त्यांच्या हाती द्यावे आणि विचारावे, हे कोणाचे? उत्तर मिळेल तेवढे त्याच दिवशी लिहून ठेवावे.

जय जिनेंद्र.